साताऱ्यात हॉस्टेलवर राहायला येताना: सामान, सह्या आणि सबमिशन

पहिल्यांदा हॉस्टेलवर जाणाऱ्या मुलाला घरचे सामानाची यादी करून देतात. बादली, मग, चादर, कुलूप, चटणीची बरणी. सह्यांची यादी मात्र कुणी करून देत नाही. प्रवेशाच्या आठवड्यात पोरगं खिडकीसमोर उभं राहून एकामागून एक कागदांवर सही करत सुटतं, आणि मागे रांग वाढत असल्यामुळे बाप म्हणतो, "कर की लवकर." त्यातले बरेचसे कागद म्हणजे तुम्ही दिलेला शब्द असतो. मी साताऱ्यात शिकवते, दर जून-जुलैत हे बघते, आणि म्हणून हा लेख सामानासाठीही आहे आणि सह्यांसाठीही.

सुरुवातीलाच एक सांगते. हॉस्टेलवर जवळजवळ सगळं वाटून घ्यायचं असतं: खाऊ, साबण, सायकल, दुःख. दोन गोष्टी तेवढ्या वाटायच्या नाहीत. आपली सही आणि आपल्या नावावर जाणारं लिखाण.

पहिली पायरी: राहायचं कुठे, आणि पैशाचं काय

कॉलेजचं हॉस्टेल मिळत असेल तर पहिल्या वर्षी तेच घ्या. गेटची वेळ जाचक वाटेल, पण रेक्टर असतात, रात्री ताप आला तर दार ठोठावायला कुणीतरी असतं. समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहाला पात्र असाल तर तिथला अर्ज वेगळा आणि वेळेत करावा लागतो. कॉलेजचा प्रवेश झाला म्हणजे तो आपोआप होत नाही. तिथे जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अटी अभ्यासक्रमानुसार बदलतात, त्या आधी वाचा. शुल्काच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात आणि भत्त्याचा राहून जातो, असं खूप घरांत होतं.

दाखले गावाकडूनच काढून या: उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा, लागू असेल तर जातवैधता. प्रवेशाच्या दिवसांत तहसीलला आणि सेतू केंद्रावर झुंबड असते. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही बघून या, कारण शिष्यवृत्ती तिथेच अडते. प्रत्येक दाखल्याच्या झेरॉक्सचे चार-पाच संच करा आणि मूळ प्रती एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. मूळ प्रत कुणी ठेवून घेत असेल तर पोच मागा.

सदर बझार, गोडोली, करंजे, शाहूपुरी या भागांत कॉट बेसिसवर खोल्या मिळतात. अशी खोली फोनवरून ठरवू नका. संध्याकाळी जाऊन बघा. त्या वेळी पाण्याची खरी स्थिती कळते, किती जणांत एक संडास आहे ते कळतं, गल्लीत दिवे आहेत का तेही दिसतं. डिपॉझिटची पावती घ्या आणि ते परत कधी मिळणार हे तिच्यावरच लिहून घ्या.

गाव कोरेगाव, रहिमतपूर, मेढ्याकडचं असेल तर आधी एसटीचा हिशोब करून बघा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात तिकिटाच्या साधारण एक तृतीयांशच पैसे भरावे लागतात. प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालणाऱ्या शाखेला रोजची ये-जा जड जाते. कला-वाणिज्यच्या पहिल्या वर्षाला ती अनेकांना जमते.

दुसरी पायरी: सही करण्याआधी वाचायचे कागद

हे कागद घरी आणून वाचता येत असतील तर आणा. खिडकीवरच सही मागितली तर बाजूला होऊन पाच मिनिटं घ्या. रांगेची लाज धरू नका.

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याला आणि पालकाला, दोघांनाही भरून द्यावं लागतं, तेही दरवर्षी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांमुळे ते आलं. ते ऑनलाइन भरताना सायबर कॅफेवाल्याचा मोबाईल नंबर किंवा ईमेल टाकू देऊ नका. तुमचाच टाका.

हॉस्टेलच्या नियमपत्रात चार गोष्टी शोधा: गेट बंद होण्याची वेळ, रात्री बाहेर राहण्याची परवानगी कुणाकडून आणि कशी घ्यायची, खोलीत कोणती विजेची उपकरणं चालत नाहीत, आणि नुकसानीचा खर्च एकाकडून घेतात की सगळ्या खोलीकडून. शेवटचं कलम नीट वाचा. खोलीची काच कुणी फोडली ते कळलं नाही तर खोलीतल्या सगळ्यांनाच भरायला लागू शकते.

हजेरीचं हमीपत्र बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांचं असतं. ती टक्केवारी वर्षाच्या शेवटी मोजायची नसते, महिन्याला मोजायची.

आणि परीक्षा कोण घेतं ते समजून घ्या. साताऱ्यात हे सगळ्यांचं सारखं नाही. काही महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची आहेत. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय ही तीन मिळून आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आहे. काही महाविद्यालयं स्वायत्त आहेत, म्हणजे बरेच नियम त्यांचे स्वतःचे. त्यामुळे शेजारच्या कॉलेजातल्या मित्राचा नियम तुम्हाला लागू होईलच असं नाही. एटीकेटीचे (काही विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाण्याचे) नियम, अंतर्गत गुण, गैरप्रकाराची शिक्षा, हे तुमच्या कॉलेजच्या माहितीपत्रकातून वाचा.

तिसरी पायरी: पेटी भरणं

माण-खटावच्या दुष्काळी भागातल्या मुलांना इथला पाऊस पहिल्यांदा चकवतो. घरी टँकर बघितलेला असतो आणि इथे जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस कपडे वाळत नाहीत. म्हणून जाड जीन्स दोनच आणा आणि लवकर वाळणारे कपडे जास्त. आतले कपडे भरपूर लागतात. नायलॉनची दोरी, चिमटे, पेटीत टाकायला डांबरगोळ्या. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरवणारा वारा खाली गावातही लागतो आणि छत्र्या उलट्या करतो. चामड्याच्या चपला पावसाळाभर घरीच ठेवा. अंथरायला सतरंजी आणि पांघरायला एक सोलापुरी चादर पुरते. हिवाळ्याची वाकळ दिवाळीच्या सुट्टीत आणली तरी चालते.

पेटी पत्र्याची असो नाहीतर बॅग, कुलूप चांगलं घ्या आणि एक किल्ली घरी ठेवा. स्टीलचं ताट, वाटी, तांब्या, चमचा. त्यांवर नाव घालून आणा. सुईदोरा, नेलकटर, थर्मामीटर, ताप-जुलाबाच्या साध्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं. चष्मा असेल तर नंबरचा कागद.

पाणी तापवायची कॉइल आणि इंडक्शन आणू नका. जुन्या वायरिंगवर चार खोल्यांत एकदम कॉइल लागली की काय होतं ते वायरमनला विचारा. ती सापडली की जप्त होते आणि दंड होतो, पण खरा धोका आगीचा आणि शॉकचा आहे.

खाण्यात टिकणारं आणा: शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, कडक भाकरी, लाडू. डबा उघडला की पहिल्याच संध्याकाळी संपणार, हे धरून चाला.

चौथी पायरी: पहिले दोन आठवडे

खोलीत सगळे आल्यावर त्याच रात्री चार गोष्टी बोलून घ्या. दिवा किती वाजता बंद करायचा, झाडू कोण कधी मारणार, पाहुणा आला तर कुठे झोपणार, आणि फोनवर बोलायचं असेल तर बाहेर जायचं का. नंतर भांडण होऊन हे ठरवण्यापेक्षा अनोळखी असतानाच ठरवणं सोपं जातं.

मेसचा खाडा कसा धरतात ते पहिल्या दिवशी विचारा. बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी लिहून दिलं आणि सलग काही दिवस गैरहजर असलात तरच पैसे वजा होतात. खाड्याची वही स्वतःकडेही ठेवा. जेवण वाईट असेल तर मेस कमिटीकडे लेखी द्या. ताट आपटून काहीच बदलत नाही.

आडनाव विचारून जात काढायची, शिष्यवृत्ती कुठल्या कोट्यातून असं चाचपायचं, हे इथे करू नका. साताऱ्याला तर ते अजिबात शोभत नाही. १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी याच गावात सगळ्या जातीधर्मांची मुलं एका पंगतीत बसवणारं वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. मुलं आपला स्वयंपाक आपण करत, राबून शिकत. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातलं. १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजातली ‘कमवा आणि शिका’ योजना त्याच परंपरेतली. तुमच्या कॉलेजात ती योजना असेल आणि घरी ओढाताण असेल तर नाव द्यायला लाजू नका. ग्रंथालयात किंवा बागेत काम करून मेसचा खर्च भागवणारी मुलं मी पाहते, आणि त्यांचा मला फार आदर वाटतो.

घरची आठवण येणारच. माझं मत असं की पहिले दोन शनिवार-रविवार गावी जाऊ नये. पहिल्याच शनिवारी गेलेला पुढच्या शनिवारीही जातो आणि खोलीत त्याची जागाच होत नाही. पण झोप उडाली, जेवण जाईना, जीव नकोसा वाटू लागला, तर हा नियम विसरा. घरी फोन करा, रेक्टरांना सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

रॅगिंग झालं तर

"इंट्रो" म्हणून रात्री खोलीत बोलावणं, उभं करून प्रश्न विचारणं, आपली जर्नल्स लिहून घेणं, हे सगळं रॅगिंगमध्ये येतं. शेवटचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. सीनियरची कामं करायला लावणं हाही गुन्हा आहे. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलेल्याला काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावीच लागते. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास.

कोण होतं, कुठे, किती वाजता, अजून कोण बघत होतं, हे त्याच रात्री लिहून ठेवा. आणि पुढच्या वर्षी तुम्ही सीनियर व्हाल, तेव्हा याच हमीपत्रावर पुन्हा सही कराल.

पाचवी पायरी: पहिलं सबमिशन

ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते हे. टर्म संपत आली की रात्री अकरा वाजता शेजारच्या खोलीतला मित्र दारात येतो. "जर्नल दे की जरा, सकाळी परत देतो." आठच दिवसांपूर्वी तुम्हाला ताप होता तेव्हा त्यानेच मेसमधून ताट आणलेलं असतं. त्याला नाही कसं म्हणायचं?

आपल्याकडे कॉपी बहुतेक वेळा लबाडीतून सुरू होत नाही. ती मैत्रीतून सुरू होते. मागणारा चोर नसतो आणि देणारा तर मनाने मोठा असतो. त्यामुळे "कॉपी वाईट" एवढं सांगून भागत नाही. त्या दारात उभं असताना काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवावं लागतं.

म्हणा, "ये, बस. कुठला प्रयोग अडलाय?" समजावून सांगा, लागेल तेवढा वेळ. मग तुमची वही बंद करा आणि त्याला त्याची उघडायला सांगा. त्याच्या शब्दांत, त्याच्या रीडिंगवर तो लिहील. तासभर जाईल, पण दोघांपैकी कुणाचंच नुकसान होणार नाही. वर्गातल्या नोट्स द्या, पुस्तक द्या, जुन्या प्रश्नपत्रिका द्या, गणित सोडवायची रीत दाखवा. ही मदत आहे, ती भरपूर करा. लिहून झालेलं जर्नल, असाइनमेंटचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं, तयार प्रोग्रॅमची फाइल, हे देऊ नका. दिलंत तर सापडल्यावर तुम्हीही त्यात असता. दोन जर्नलांत एकच चूक एकाच ओळीत आली की शिक्षकाला कोणी कोणाचं उतरवलं ते बघायची गरज पडत नाही. दोघांनाही बोलावलं जातं.

रीडिंगचं वेगळं सांगते. साध्या लंबकाच्या प्रयोगात मुलं आधी उत्तर ठरवतात आणि मग मागे मागे जात रीडिंग तयार करतात. म्हणून वर्गातल्या निम्म्या वह्यांत गुरुत्वत्वरण ९८१ (सेंमी प्रति सेकंद वर्ग) येतं. आता गंमत बघा: पुस्तकातली ९८१ ही संख्या साधारण ४५ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीला मिळणाऱ्या मूल्याची गोळाबेरीज आहे. सातारा त्याच्या खूप दक्षिणेला आणि समुद्रसपाटीपासून उंचावर. इथलं मूल्य ९७८ च्या आसपास आहे. आपल्या स्टॉपवॉचने आणि दोऱ्याने ९७० येऊ शकतं, ९९० येऊ शकतं. जे येईल ते लिहा आणि खाली दोन ओळींत कारण द्या: आंदोलनं मोजताना एक सुटलं असेल, दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरली नसेल. अशी वही मला हातात आली की मला मनापासून आनंद होतो आणि तोंडी परीक्षेत त्या मुलाला मी तिथूनच प्रश्न विचारते.

अभियांत्रिकीला येणाऱ्यांना जीटी, म्हणजे काचेवर ड्रॉइंग गिरवणं, हा शब्द पहिल्या महिन्यातच कानावर पडेल. काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट, त्यावर आपली कोरी शीट, आणि रेघा गिरवायच्या. शीट सुबक येते, पण प्रक्षेप कुठून कसा काढायचा हे हाताला कळतच नाही आणि परीक्षेत काचेखाली दिवा नसतो. संगणकावर काढलेल्या ड्रॉइंगची फाइल कॉपी केली तर मूळ बनवणाऱ्याचं नाव बऱ्याचदा फाइलच्या माहितीत तसंच राहतं.

प्रॉक्सी हजेरी म्हणजे खोटी सही. मित्र आजारी असेल तर त्याच्यासाठी अर्ज नेऊन द्या, डॉक्टरचा कागद जोडा. सही करू नका.

इंटरनेटवरून माहिती घेताना एक पद्धत लावून घ्या. वाचा, पान बंद करा, मग लिहा. ज्या ओळी जशाच्या तशा हव्यात त्यांना अवतरणचिन्हं द्या आणि त्या कुठून घेतल्या ते तिथल्या तिथे लिहा. शेवटी आठवत नाही. चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल प्रत्येक शिक्षकाला आधी विचारा, कारण एका विषयाला चालतं आणि दुसऱ्याला चालत नाही. परवानगी असेल तर कशासाठी वापरलं ते एका ओळीत नमूद करा. ही साधनं कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावं बेधडक देतात, म्हणून नाव घातलंत तर ते पुस्तक ग्रंथालयात बघितलेलं असू द्या. पुढे एमए, एमएस्सी, पीएचडी करायची असेल तर हे आत्ताच अंगवळणी पडायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांहून जास्त साम्य सापडलं तर तो सुधारून पुन्हा द्यावा लागतो, ४० च्या वर गेलं तर वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते.

वेळच उरला नाही तर? शिक्षकांकडे जा, शक्यतो मुदतीच्या आदल्या दिवशी. "मॅडम, माझे दोन प्रयोग राहिलेत. सोमवारी जमा केले तर चालतील का?" बोलणी बसतील, गुण कापले जातील. अर्धं पण स्वतःचं जर्नल मी नेहमी स्वीकारते. आणि उतरवलेलं आधीच जमा केलं असेल, तर पकडलं जाण्याआधी स्वतः जाऊन सांगा. आधी स्वतः सांगणं आणि पकडल्यावर कबूल करणं, यांत शिक्षकाच्या लेखी फार फरक असतो.

परीक्षेच्या दिवसांत

मोबाईल आणि स्मार्टवॉच खोलीवर ठेवून जा. बंद करून खिशात ठेवला तरी तो सापडणं हाच गैरप्रकार धरतात. हॉल तिकिटामागे, पट्टीवर, तळहातावर काही लिहिलेलं नको. चुकून राहिलं असेल तर पेपर हातात येण्याआधी पर्यवेक्षकांना दाखवा. उत्तरपत्रिकेत "पास करा" अशी विनवणी, देवाचं नाव, फोन नंबर घालू नका. भरारी पथक आलं तर शांत बसून लिहीत राहा. तुमच्यावर ठपका आलाच, तर चौकशी समितीपुढे बाजू मांडायची संधी मिळते. नोटीस फेकून देऊ नका, घरी लपवू नका, दिलेल्या तारखेला जा आणि जे झालं ते सांगा. कुणी परीक्षेत पैसे घेऊन काम करून देतो म्हणाला तर तिथून उठा. १९८२ पासून राज्यात परीक्षांतल्या गैरप्रकारांसाठी स्वतंत्र कायदा आहे.

वर्षअखेर खोली सोडताना

ग्रंथालय, मेस, प्रयोगशाळा आणि रेक्टर, चौघांच्या नो ड्यूजवर (काही देणं बाकी नसल्याच्या कागदावर) सह्या घ्या, तरच डिपॉझिट परत मिळतं. खोलीच्या भिंती, पंखा, कॉट यांचे फोटो काढून ठेवा. बादली, दोरी, पुस्तकं, ड्राफ्टर, नोट्स हे सगळं मागून नव्याने येणाऱ्या मुलांना द्या. त्यांच्या घरचा खर्च वाचतो. जर्नल मागायलाही कुणीतरी येईलच. ते विभागात जमा करा, आणि विभाग ठेवून घेत नसेल तर पेटीत टाकून घरी न्या.